वृषालीच्या टाळूवरची टेकडी

वृषाली ढमालेच्या तोंडात, वरच्या टाळूवर टेकडी उगवली, तेव्हा गावात फारसं कुणाला काही वाटलं नाही. वृषाली एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायची. तिचं तोंड तसंही सार्वजनिकच होतं.

टेकडी हाडाची होती. आठवड्याभरात तिच्यावर गवत आलं. त्रास तिचा नव्हता, त्रास जबड्याचा. तो दिवसेंदिवस कमी उघडू लागला आणि त्याच्या जोडीनं स्टँडचं फाटकही. आधी मोठ्या गाड्या आत अडकल्या, मग मिनीबस. शेवटी चहावाला तिरका होऊन ये-जा करू लागला.

दाताच्या डॉक्टर कानडेबाईंनी तिच्या तोंडात बोटं घालून पाहिली. तीन मावायला हवीत. एक मावलं.

"झोपेत दात खाता का?"

"आई म्हणते, खाते."

"नुसते दात, की सोबत काही?"

गावांची नावं, असं वृषालीनं खरं ते सांगून टाकलं. रोज पुकारलेली आणि कधीच न पाहिलेली. रजा घेतली तर पुकारणार कोण, म्हणून ती स्टँड सोडून कुठं गेलीच नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढी गावं रात्रभर चावली की भार हाडावर येतो, हाड वाढतं आणि जबड्याची बिजागरी धरते. टेकडीला हात लावू नका, ती बिचारी गरीब आहे. जबडा तेवढा सैल सोडा. ओठ मिटलेले, दात सुटे.

सैल सोडणं जमेल कसं? अडकलेल्या गाड्यांपैकी एकीत तिच्याच धाकट्या भावाचं वऱ्हाड होतं. गोरज मुहूर्त जवळ आला होता. तुषार मुंडावळ्या बांधून खिडकीशी बसला होता आणि येणाजाणाऱ्यांना उगाच नमस्कार करत होता. शेवटी आई गाडीतून उतरून माईकच्या खोलीत आली.

"तोंड उघड गं जरा. भावाचं लग्न आहे."

"उघडत नाहीये."

"लहानपणी मिटायचं नाही."

मागोमाग गाडीचे ड्रायव्हर भागुजीकाका बॅटरी घेऊन आले. त्यांनी फटीतून आत उजेड टाकला आणि बराच वेळ पाहिलं.

"टेकडी आहे म्हणजे घाट असणार," ते म्हणाले. "घाट असला की पलीकडं गाव असतंच. इकडून काढू गाडी. तू पण चल."

"मग पुकारणार कोण?"

"गाडी दिसते की लोकांना."

हे वृषालीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनं माईक बंद केला आणि तुषारशेजारी जाऊन बसली. ओठ मिटले. दात सुटे सोडले. फाटक करकरलं आणि गाडी त्यातून बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरली.

रस्ता गुलाबी होता, जरासा ओला. दोन्ही बाजूंना पांढऱ्या घरांची ओळ लागली. त्यातल्या एका घराची डागडुजी राहिली होती, ते वृषालीला ठाऊक होतं. मग चढ सुरू झाला. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत गवतातून वर गेली. घाटमाथ्यावर भागुजीकाकांनी रीतीप्रमाणे गाडी थांबवली आणि आईनं उतरून नारळ फोडला.

नारळाबरोबर वृषालीच्या कानाजवळ कट्ट झालं.

पुढं उताराच्या टोकाशी, अंधारात, उजेडाची एक फट दिसली. बोटभर. मग दोन बोटं. भागुजीकाकांनी गाडीचे दिवे विझवले. पलीकडून सनई ऐकू येत होती.