वजा बारा

धुलाईघराच्या संघाची गोलकीपर तशी एकीचीच वहिनी. पण त्या एकीने मैदानावर पहिल्याच दिवशी "वहिनी, बॉल!" अशी बोंब ठोकली आणि तेव्हापासून ती अख्ख्या संघाची वहिनी झाली. बोंब ठोकणारी तिची नणंद. अंगाने काडी, पण एका जागी दोन क्षण उभं राहील तर शपथ. म्हणून सगळ्या तिला भिंगरी म्हणत. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच इस्पितळाच्या तळघरात चादरी धुवायच्या आणि रविवारी एकाच संघातून फुटबॉल खेळायच्या. घरात त्यांचं कशावरूनही वाजायचं, अगदी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरूनसुद्धा. मैदानात मात्र वहिनीचा शब्द शेवटचा.

कामगार बायकांच्या साखळी स्पर्धेचा तो शेवटचा दिवस होता. संघ सहा. जो तळाला राहील तो पुढच्या वर्षी बाहेर, आणि त्याच्या जागी नवा संघ आत. बाहेर म्हणजे रविवारचं मैदानही गेलं, कारण ते फक्त स्पर्धेतल्या संघांना मिळायचं. आठवडाभर बिनखिडकीच्या तळघरात वाफ खाणाऱ्या बायकांना मोकळ्या आभाळाखाली पळायला दुसरी जागा नव्हती. वहिनीला तर त्या मैदानाचं इतकं वेड होतं, की ते जाणार या नुसत्या विचाराने तिचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सगळ्या मैदानाच्या दाराशी पोचल्या तेव्हा बेकरीच्या बायकांचा सामना नुकताच संपला होता. त्या दोन गोलांनी हरल्या होत्या. पंचांनी फळ्यावर खडूने नवे आकडे लिहिले. तळाच्या दोन संघांचे गुण सारखेच होते, त्यामुळे आता सगळं गोलांच्या फरकावर आलं होतं. वर्षभर आपण केलेल्या गोलांतून आपल्यावर चढलेले गोल वजा करायचे, उरेल तो फरक. दोन्ही संघांवर चढलेलेच जास्त, म्हणून दोन्ही आकड्यांच्या डोक्याशी वजाची आडवी रेघ. धुलाईघर, वजा आठ. बेकरी, वजा तेरा.

भिंगरीने फळा वाचला आणि कपाळाला हात लावला.

"संपलं! तेरा कुठे आणि आठ कुठे! बेकरी पाचाने वर गेली. आता ही भरपाई करायची कशी?"

बुटांची नाडी बांधत बसलेली कॅप्टन तशीच थांबली. ती इस्त्रीच्या टेबलावर काम करायची, म्हणून तिला सगळ्या इस्त्रीताई म्हणत. वहिनीलाही आधी तसंच वाटलं. तेरा मोठे, आठ लहान, यात चूक काय? पण मग ती रेघ कशाला काढली असेल? ती फळ्यासमोर उभी राहिली आणि हलेचना.

"भिंगरे, लिफ्टमध्ये आपण कुठलं बटण दाबतो?"

"हे काय आता मध्येच? वजा दोन."

"आणि पंपाच्या खोलीत जायला?"

"वजा तीन."

"मग वर कोण?"

"आपण. पंप आपल्या खाली आहेत की."

"का गं? तीन तर दोनापेक्षा मोठे."

"मोठे आहेत, पण... ते शून्याच्या खाली मोजायचे ना. जितके जास्त, तितके खोल."

"मग बेकरी तेरा मजले खोल आहे आणि आपण आठ. वर कोण आहे, बये?"

सगळ्यांनी एकदम फळ्याकडे पाहिलं. आकडे तेच होते, पण आता ते उलटे दिसायला लागले.

"म्हणजे आज आपण हरलो तरी चालेल?" इस्त्रीताईने जपून विचारलं.

वहिनीने बोटं मिटत मोजलं. एका गोलाने हरलो तर वजा नऊ. दोनाने वजा दहा. तिनाने वजा अकरा. चाराने वजा बारा, आणि वजा बारा तरीही वजा तेराच्या एक पायरी वर. पाचाने हरलो की वजा तेरा, म्हणजे बेकरीच्या बरोबरीला. मग ज्यांनी जास्त गोल केले ते वर राहणार, आणि तिथे बेकरी कधीच पुढे निघून गेली होती.

"चार चालतील," ती म्हणाली. "पाच नाही."

हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं. पण समोर बस डेपोचा संघ होता, साखळीत पहिला. मागच्या खेपेला त्यांनी सात गोल चढवले होते. ते सात सगळ्यांनाच आठवले. वहिनीने हातमोजे चढवले, दातांनी पट्टा ओढून घट्ट केला.

"आज जिंका असं मी म्हणतच नाहीये. पण पाचवा गोल होऊ द्यायचा नाही. बस."

डेपोच्या बायका पायांत बसचं इंजिन बसवल्यासारख्या सुटल्या. पहिला गोल झाला तेव्हा वहिनी दुसऱ्याच कोपऱ्यात झेपावली होती. दुसरा एका उंचपुऱ्या कंडक्टरणीने डोक्याने मारला. तिसरा कसा झाला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. प्रत्येक वेळी वहिनी जाळ्यातून चेंडू काढायची आणि मोठ्याने ओरडायची, "वजा नऊ!" "वजा दहा!" "वजा अकरा!" काठावरच्या लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

मध्यंतराला भिंगरी पाण्याची बाटली आपटत आली.

"मला पुढे जाऊ दे. मी एक गोल केला तर आपण एक पायरी वर चढू. तुझ्याच हिशेबाने!"

"चढू की. पण तू पुढे गेलीस तर मागे भगदाड पडेल आणि आपण दोन पायऱ्या घसरू. मागेच राहा."

"घरात पण तुझंच, इथे पण तुझंच!" भिंगरी फणकारली. पण मागे राहिली.

उत्तरार्धात धुलाईघराने जिवाचं रान केलं. इस्त्रीताई दोनदा चेंडूसमोर सरळ आडवी पडली. तरीही चौथा गोल झालाच. वजा बारा. आता पायाखाली एकच पायरी उरली होती. काठावरून कुणीतरी हसत म्हणालं, "अहो बाई, हरलात की! आता कशाला एवढा जीव काढताय?" वहिनीचा नवराही तिथेच उभा होता. तो काळजीने ओरडला, "अगं, सामना गेला तो गेला, तू लागून घेऊ नकोस!" वहिनीने मान वळवली नाही. या माणसांना चार आणि पाच सारखेच वाटत होते. तिच्यासाठी त्या दोहोंच्या मध्ये सगळं मैदान पसरलेलं होतं.

आणि मग, जो चेंडू एखाद्या पोरानेही धरला असता, तोच तिच्या हातून सुटला. अगदी सावकाश आलेला चेंडू. तो छातीशी धरायच्या आधीच तिची नजर कुणाकडे फेकायचा हे शोधायला गेली. चेंडू मोज्यांवरून निसटला, दोन पायांमधून गेला आणि रेघेपलीकडे जाऊन थांबला.

वहिनी गुडघ्यांवर बसली. तिला कुणाकडे बघवेना. भिंगरी धावत आली. आता ही काय काय बोलणार, आणि बोलली तर बरोबरच आहे, असं मनाशी म्हणून वहिनीने खांदे आवळून घेतले.

"आता कुठे आलो आपण?" भिंगरीने विचारलं.

"वजा तेरा."

"बेकरीच्या शेजारी. म्हणजे एकच पायरी चढायची आहे ना? मग उठ की!"

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. त्या काडीएवढ्या पोरीच्या डोळ्यांत रागाचा मागमूस नव्हता. वहिनी उठली, मोजे झटकले.

"जा पुढे. मागे वळून बघू नकोस. मागचं मी बघते."

डेपोच्या गोलकीपरला सामनाभर काही कामच पडलं नव्हतं. ती कंटाळून मधल्या रेघेजवळ येऊन उभी होती, कंबरेवर हात ठेवून. वहिनीने ते हेरलं. कंडक्टरणीने पुन्हा फटका मारला, तेव्हा वहिनीने चेंडू दोन्ही हातांनी असा दाबला की श्वासच अडकला त्याचा. मग चार पावलं धावून तिने तो फेकला. ओल्या चादरींचे ढीग मशीनमधून उपसणारे ते हात. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला, एक टप्पा घेऊन उंच उडाला, आणि त्याच्यामागे भिंगरी सुटली. गोलकीपर वळेपर्यंत ती तिच्या बाजूने निघून गेली होती. समोर रिकामं जाळं. तिने मारलाही धड नाही, नुसता ढकलला.

गोल झाल्यावर भिंगरी नाचली नाही. तशीच उलट पावली धावत परत आली, ओरडत, "वजा बारा! वजा बारा! सगळ्या मागे!"

उरलेला वेळ कसा गेला ते त्या अकरा जणींनाच ठाऊक. सगळ्या गोलपुढे दाटीवाटीने उभ्या राहिल्या. एका फटक्याला वहिनीने उजव्या हाताची करंगळी घातली आणि ती वाकडी होऊन बसली, पण चेंडू खांबाबाहेर गेला. मग शिट्टी वाजली. डेपो पाच, धुलाईघर एक.

धुलाईघराच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या, हसू लागल्या. जिंकलेल्या डेपोच्या बायका नुसत्या बघतच राहिल्या. वहिनीचा नवरा धापा टाकत आत आला.

"जिंकलात की काय?"

"नाही रे दादा, हरलो!" भिंगरी त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाली. "असं मस्त हरलो की विचारू नकोस!"

त्याला काही उमगलं नाही, पण बायकोची करंगळी दिसली आणि तो रुमाल ओला करायला पळाला.

वहिनी त्याच्यासाठी थांबली नाही. काठाच्या पायऱ्यांवर बेकरीच्या बायका बसून होत्या. आपला सामना हरून घरी न जाता हा सामना बघायला थांबल्या होत्या. त्यांची गोलकीपर जरा बाजूला बसली होती. दोन्ही हातांवर भट्टीचे जुने चटके. वहिनी तिच्याशेजारी जाऊन बसली.

"तो पाचवा तुम्ही सोडलात," बेकरीवाली समोर बघत म्हणाली, "तेव्हा मी देवाचे आभार मानले. खोटं कशाला बोलू."

"मीही तुमच्या जागी मानले असते."

"एका गोलाने गेलं सगळं."

"हो. एकाच."

खाली पंच फळा पुसत होते.

"रविवारी सरावाला मैदान आम्हाला मिळणार," वहिनी म्हणाली. "सराव करायला समोर कुणीतरी लागतंच. आपल्याच दोन तुकड्या पाडून खेळलं की आमची भांडणं होतात. तुम्ही या. वर्षभर या."

बेकरीवालीने पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. मग तिची नजर वाकड्या करंगळीवर गेली.

"आधी ते बोट दाखवा कुणाला तरी," ती म्हणाली. "आणि रविवारी किती वाजता ते सांगा."