साहेबांच्या दारात वाजलेला भोंगा

मी भोंगा बोलतोय. सेलवर चालणारा, हातात धरून बटण दाबायचा. आवाज माझा, शब्द मात्र ज्याच्या हातात असेन त्याचे. आता म्हातारा झालोय, तेव्हा सावकाश सांगतो.

माझा पहिला धनी भाजीवाला. त्याच्या हातगाडीवरून पडलो आणि गळ्यात खोट बसली. बटण दाबलं की आधी लांब शीळ निघायची, मग शब्द. धनी म्हणायचा, "असू दे, गिऱ्हाइकाला ओळख पटते." खरंच पटायची. बंगल्यांच्या गल्लीत एक आजी होत्या. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण शीळ ऐकली की पिशवी घेऊन फाटकाशी हजर. घासाघीस केल्याशिवाय त्यांना भाजी गोड लागायची नाही.

पुढं धन्याचे गुडघे गेले. त्यानं मला शेजारच्या शिलाईवाल्या ताईला दिलं. वस्तीच्या विहिरीत रंगाच्या कारखान्याचं पाणी उतरत होतं. ताईची लेक त्या पाण्यानं अंथरुणाला खिळली होती. कारखान्याच्या फाटकावर ओरडून माझा घसा बसला, पण साहेब मागच्या दारानं ये-जा करायचे.

"मग घरीच जाऊ त्याच्या," वस्तीतला वेल्डर म्हणाला.

"घरात त्याची माणसं असतील," ताई म्हणाली.

"आणि आपल्या घरात काय जनावरं आहेत?"

ताईनं लेकीकडं बघितलं आणि मला उचललं.

गल्ली ओळखीची निघाली, तसे माझ्या पोटातले सेल गार पडले. फाटकही तेच. वेल्डर ते गदागदा हलवत होता, मागून माणसांचा रेटा होता. वरच्या खिडकीतला पडदा जरासा सरकला आणि पुन्हा मिटला. ताईनं बटण दाबलं. माझी शीळ निघाली.

दार उघडलं. साहेब नव्हते. आजी पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होत्या.

"किती दिवसांनी उगवलास रे मेल्या," असं म्हणत त्यांनी कडीला हात घातला.

"मागं व्हा!" ताई माझ्यातून ओरडली. पण कडी निघाली होती. फाटक रेट्यानं आत गेलं, आजींच्या खांद्यावर बसलं. त्या मटकन पायरीवर बसल्या. ताईनं धावत जाऊन त्यांना सावरलं.

"भाजी नाही आणलीस?" आजींनी विचारलं.

"नाही आजी. पाणी आणलंय."

ताईनं हातात दिलेली बाटली आजींनी डोळ्यांशी धरली. "जांभळं कसं गं हे?"

"आमच्या विहिरीचं आहे. तुमच्या लेकाच्या कारखान्यातून येतं."

"आणि हे सांगायला एवढी माणसं घेऊन आलीस?"

"एकटी गेले होते कारखान्याच्या फाटकावर. कुणी दार उघडलं नाही."

आजींनी बाटली पिशवीत घातली आणि भिंत धरत आत गेल्या. साहेब खाली आलेच नाहीत.

वेल्डर अजून म्हणतो, दारात गेलो म्हणून तर पाणी घरात पोचलं. त्याचंही खोटं नाही. पण त्या गल्लीत आता दुसरा भाजीवाला जातो. तो सांगतो, कुणाचाही भोंगा वाजला की आजी आतून कडी घालतात.

मी ताईच्या शिलाई यंत्राच्या वर, खिळ्याला लटकलोय. विहीर अजून जांभळीच आहे.

बाबांनो, मला उचलाल तेव्हा आधी बघा, दारामागं कोण आहे ते. आणि साहेब, तुम्ही एकदा कारखान्याच्या पुढच्या फाटकावर या. ताई बोलेल, तुम्ही ऐका. मग माझं बटण दाबायचीही गरज नाही.