गोधडीखालून टिपलेले हंस

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कमलाबाईंना फोटोचं याड लागलं, आणि लागलं तेही एका सकाळीत.

त्या पवनारच्या. गावापासून पाच-सहा किलोमीटरवर, तलावाच्या काठी जे पर्यावरण संशोधन केंद्र आहे, तिथल्या रोपवाटिकेत त्या बावीस वर्षं कामाला होत्या. मोहाचं रोप कोणतं नि बिब्याचं कोणतं, हे डोळे मिटून, पानाला नुसता हात लावून सांगत. पण कॅमेरा म्हणजे पाहुण्यांच्या गळ्यात लटकणारी महागडी वस्तू. आपण तिच्या आड येऊ नये, एवढंच त्यांना ठाऊक.

डिसेंबरात केंद्रातल्या पौर्णिमा मॅडमनी टूम काढली. या मॅडम पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या, मूळच्या तळेगावच्या, वय जेमतेम तिशीचं. त्यांनी जाहीर केलं की आठ दिवस सगळ्यांनी हिवाळ्याचे फोटो काढायचे आणि नवव्या दिवशी आंब्याखाली प्रदर्शन भरवायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. झाडलोट करणाऱ्यापासून संचालकांपर्यंत प्रत्येकाचा निदान एक फोटो लागलाच पाहिजे. ज्याच्याकडे नाही त्याला केंद्राचा कॅमेरा मिळेल.

"मले नाई जमत मॅडम," कमलाबाईंनी हात झटकले. "पडला-बिडला तं?"

"पट्टा गळ्यात घाला, म्हणजे पडणार नाही. हे बटण अर्धं दाबायचं, थांबायचं, चित्र स्वच्छ दिसलं की पूर्ण दाबायचं. आणि दाबूनच धरलं तर खटाखट निघत राहतात. आहे काय त्यात?"

पहिल्या दिवशी एकेचाळीस फोटो निघाले. त्यातले निम्मे कमलाबाईंच्या स्वतःच्या चपलांचे. काही अंगठ्याचे. पण त्यात एक फोटो वेगळाच होता. तुरीच्या दोन झाडांमध्ये कोळ्यानं जाळं विणलेलं, त्यावर दव साचलेलं, आणि मागून उगवता सूर्य एकेका थेंबात जाऊन बसलेला. कमलाबाई इतक्या मोठ्यानं हसत सुटल्या की खानावळीतून नलू लाटणं घेऊनच धावत आली.

नलू केंद्राची स्वयंपाकीण. कमलाबाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान, आणि एकदा हसायला लागली की तिला आवरणं देवाच्याही हातात नव्हतं.

"का झालं वं ताई? काऊन हासून राह्यली?"

"पाह्य. हे म्या काढलं."

नलूनं कणकेचे हात पदराला पुसले, वाकून पाहिलं. "खोटं नको बोलू."

"तुह्या गळ्याची आन!"

झालं. त्या दिवसापासून दोघींना चैन पडेना. सकाळी धुक्यात दोघी बाहेर. गव्हाच्या पातीवरचा थेंब, बोरीच्या काट्यात अडकलेलं पीस, थंडीनं गोळा होऊन बसलेला सरडा, विहिरीतून निघणारी वाफ. कमलाबाई दाबत आणि नलू आजूबाजूला कुणी पाहत नाही ना यावर नजर ठेवत, जणू दोघी कुणाच्या वाडीतली संत्री तोडत होत्या. खानावळीतला नाश्ता रोज उशिरा होऊ लागला. दोनदा पोह्यांत मीठच नव्हतं. कुणी तक्रार केली की नलू फोटो दाखवायची, आणि खाणारा फोटो पाहत अळणी पोहे संपवायचा.

पण कमलाबाईंच्या मनात खरे होते ते हंस.

दर हिवाळ्यात उत्तरेकडून हंसांचा थवा त्या तलावावर उतरत असे. करडं अंग, पांढरं डोकं आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे. मोठमोठे कॅमेरे घेऊन पाहुणे येत, पण हंस पाण्याच्या मधोमध बसत आणि फोटोत मोहरीएवढे दिसत. कमलाबाईंना मात्र एक गोष्ट माहीत होती, जी पाहुण्यांना नव्हती. उजाडता उजाडता हे हंस तलावालगतच्या महादेवरावांच्या हरभऱ्यात चरायला येतात.

"माणूस दिसला का उडते थे," कमलाबाई म्हणाल्या. "जवळ कसं जावं?"

नलू दोन मिनिटं विचारात पडली. मग तिचे डोळे चमकले. "गोधडी घेऊन झोपू ना शेतात! गोधडीले कोन भेते?"

सातव्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी दोघी बांधाजवळ पालथ्या पडल्या होत्या. खाली ओली माती, वर नलूच्या घरची गोधडी, आणि पुढच्या फटीतून बाहेर आलेलं कॅमेऱ्याचं नाक. थंडीनं दात वाजत होते.

"नलू, हासू नको. कॅमेरा हालते."

"मी हासून नाई राह्यली. मी कापून राह्यली."

"मंग फिदीफिदी कोन करून राह्यलं?"

एवढ्यात धुक्यातून आवाज आला, आणि हंस उतरले. एक, दोन, दहा, मोजणं थांबलं. हरभऱ्याचे शेंडे तोडत, मान डोलावत, ते सरळ गोधडीच्याच दिशेनं चालत आले. वीस पावलं. पंधरा. एक हंस थांबला, त्यानं मान तिरपी केली आणि गोधडीकडे एका डोळ्यानं असं पाहिलं, जसं सासूनं नव्या सुनेच्या भाकरीकडे पाहावं. नलूला ते सोसलं नाही. तिनं तोंडात पदर कोंबला, पण हसू पोटातून आलं आणि अख्खी गोधडी गदगदा हलायला लागली.

नेमके त्याच वेळी महादेवराव शेताच्या बांधावर आले होते. या सत्तर वर्षांच्या माणसाचं जगात कुणाशी वैर नव्हतं, रानडुकरं सोडून. आपल्या हरभऱ्यात काहीतरी मोठं, जाडजूड आणि हलणारं पडलंय हे त्यांनी पाहिलं आणि हातातला तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवायला सुरुवात केली.

"हुर्रर्र! घुसले रे, डुक्कर घुसले!"

सगळा थवा एकदम उठला. कमलाबाईंनी गोधडी भिरकावली, उताण्या झाल्या, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबूनच धरलं. खटाखटाखट! वर पंखच पंख. पंखांचा वारा तोंडावर येत होता, त्या ओरडत होत्या, हंस ओरडत होते, डबा वाजत होता. कुणा हंसानं जाता जाता नलूच्या खांद्यावर प्रसाद टाकला.

"देल्ला वं माय आशीर्वाद!" असं म्हणून नलू मातीत लोळायला लागली.

डबा थांबला. महादेवराव जवळ येऊन पाहतात तो काय!

"अवो... तुमी डुक्कर नोहे?"

"नाई भाऊ," कमलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आमी केंद्रातल्या."

"घरी खाट नाई का तुमच्या? माह्या हरभऱ्यात काऊन झोपून राह्यल्या?" ते चांगलेच तापले. पण कमलाबाईंनी कॅमेरा पुढे केला, तसा त्यांचा आवाज उतरला. फोटोच्या वरच्या भागात हंस, आणि खालच्या कोपऱ्यात डबा उगारलेला, तोंड वासलेला एक म्हातारा. "हा... मी होय का?" ते पुटपुटले. मग टोपी सरळ करून म्हणाले, "अजून एक काहाड. तोंड मिटतो."

दुपारी पौर्णिमा मॅडम संगणकावर ते फोटो पाहायला बसल्या. आकाश, पंख, महादेवराव, पुन्हा आकाश. अचानक त्या थांबल्या. एका हंसाची मान त्यांनी मोठी केली, आणखी मोठी केली. मानेत हिरवा पट्टा होता आणि पट्ट्यावर पांढरी अक्षरं.

"कमलाबाई! इकडे या!"

"बिघडला का मॅडम?" कमलाबाईंनी धावत येऊन कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"बिघडला कसला! हा पट्टा कुणीतरी मुद्दाम बांधलाय. कोणता पक्षी कुठून कुठं जातो ते कळावं म्हणून. मी पाच वर्षं दुर्बीण लावून बसते आहे, मला एकदाही अक्षरं वाचता आली नाहीत!" आणि मॅडमनी, एवढ्या शिकलेल्या बाईनं, कमलाबाईंना कमरेला धरून खोलीभर गरगर फिरवलं.

असे हिरवे पट्टे मंगोलियात बांधतात, म्हणून मॅडमनी त्याच दिवशी अक्षरं तिथल्या शास्त्रज्ञांना कळवली.

उत्तर आलं ते ऐन प्रदर्शनाच्या दुपारी. आंब्याखाली दोरीला टांगलेले फोटो वाऱ्यावर हलत होते. महादेवराव सकाळपासून स्वतःच्या फोटोसमोर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सगळी हकिगत सांगत होते. दर वेळी तिच्यात डुकरांची संख्या वाढत होती. मॅडम फोन हातात धरून धावत आल्या आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. ती मादी होती. नऊ वर्षांपूर्वी तिला तिकडच्या एका सरोवरावर पट्टा बांधला होता. गेली चार वर्षं ती कुणालाच दिसली नव्हती. मेली असावी, अशी तिथल्या शास्त्रज्ञांनी नोंदही करून टाकली होती.

"जित्ती हाय!" कमलाबाई किंचाळल्या. "नलू, माय माही, जित्ती हाय थे!"

नलूनं हातातला चहाचा ट्रे कुणाच्या तरी हातात कोंबला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून लहान पोरींसारख्या उड्या मारू लागल्या. हसता हसता कमलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी कधी आलं, त्यांनाच कळलं नाही.

"हे मंगोलिया कुठीसा आलं?" महादेवरावांनी मॅडमना विचारलं.

"हिमालयाच्याही पलीकडे. हिमालय ओलांडून येतात ते."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग हळूच म्हणाला, "बाप्पा. इतक्या दुरून पाव्हणी आली, अन् म्या डबा वाजवला."

"चाला भाऊ," कमलाबाईंनी त्यांचा हातच धरला, "आत्ताच जाऊन माफी मागू."

आणि खरोखरच तिघं निघाले. त्यांच्यामागून मॅडम निघाल्या, मग संचालक, मग प्रदर्शनाला आलेली निम्मी माणसं. उन्हं उतरू लागली होती. तलावावर सत्तर-ऐंशी हंस निवांत तरंगत होते. त्यातली ती कोणती, काठावरून कुणालाच ओळखू येईना. कमलाबाईंनी मग सगळ्यांनाच हात जोडले आणि छातीभर श्वास घेऊन हाक मारली,

"जित्ती राह्यजो वं माय! येत जाजो!"

पाण्यावरच्या साऱ्या माना एकदम वर झाल्या.