दोन पेरांची खाच

“बियाणे निर्जीव होते, आणि पेरणाऱ्या बाईंचा हात आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.” परसबाग मंडळाच्या इतिवृत्तात हे वाक्य आहे. खाली चिटणिसांची वळणदार सही आहे. अक्षर सुरेख, व्याकरण निर्दोष. उणीव एवढीच, की दोन्ही विधाने खोटी आहेत.

मित्रांनो, मी एक जुनी टोकणीची, म्हणजे बी पेरायला मातीत भोके पाडायची, काठी आहे. बाईंच्या सुतार वडिलांनी मला मोडक्या खुर्चीच्या पायातून घडवले. लेक सासरी निघाली तेव्हा त्यांनी तिचे बोट माझ्या टोकाशी लावले, दोन पेरे मोजली आणि तिथे एक खाच पाडली. “वाल खाचेपर्यंत. ना वर, ना खाली,” एवढेच ते म्हणाले. सोबत वालाच्या बियांचा एक डबा दिला.

भाजीचे बारीक बी बाई हातानेच भुरभुरवत आणि वर चिमूटभर माती पसरत. तिथे माझे काम नव्हते. वाल मात्र माझाच. खाच मातीला टेकली की मी थांबे, बी खोल ओलाव्यात उतरे. चाळीस वर्षे हे असेच चालले. गल्लीतले लोक बाईंकडून बी मागून नेत. “वहिनींचा वाल म्हणजे पैजेचा वाल,” असे त्यांचे धाकटे दीर स्वतः सांगत हिंडत. वरच्या मजल्यावर राहणारे हे भाऊजीच मंडळाचे चिटणीस. ती स्तुती मी खरी मानली. लाकडाला अनुभव असतो, शहाणपण नसते.

यंदा डब्यात पंचेचाळीसच बिया उरल्या होत्या. पाच बाईंनी शेजारच्या शिंपीणबाईंना दिल्या, दहा राखून ठेवल्या आणि तीस माझ्या भरवशावर पेरल्या. आठवडाभरातच सगळे संपले. बिया फुगल्या, अर्ध्यावर सुकल्या; उरलेल्या चिमण्यांनी उपसल्या. भाऊजी ओसरीवर आले, मान हलवली आणि वर दिलेले वाक्य वाचून दाखवले.

“मनाला लावून घेऊ नका, वहिनी. वय कोणाला चुकलंय? पुढच्या वर्षी बियाणं देणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव नको. लोक हसतील.”

बाई उठल्या. त्यांनी उरलेल्या दहा बिया स्वयंपाकघरात नेऊन भिजत घालायच्या भांड्याशेजारी ठेवल्या. वडिलांचा वाल त्या दिवशी संध्याकाळी शिजून संपणार होता.

तेवढ्यात इतिवृत्तातले ते वाक्य गल्लीत ऐकून शिंपीणबाई आल्या. भांडे पाहून म्हणाल्या, “हे काय गं? माझे पाचही उगवलेत. बोटानं भोकं पाडली, तुझ्यासारखी दोन पेरं. मेलेलं बी कुठलं?”

पहिले विधान इथेच निकालात निघाले. दुसऱ्यासाठी त्या वाफ्यात उकिडव्या बसल्या आणि सुकलेल्या बिया एकेक करून उकरू लागल्या.

“सगळ्या एकाच पेरावर आहेत. हात थरथरला असता तर एक वर, एक खाली गेली असती. मी जन्मभर कापड बेतलंय बाई, चुकलेला हात ओळखते. हा हात चुकलेला नाही, माप चुकलंय. ती काठी आण.”

त्यांनी बाईंचे बोट माझ्या टोकाशी लावले. खाच एका पेरावर आली.

“बोट वाढलं म्हणावं का तुझं, या वयात?” त्या म्हणाल्या. बाई हसल्या नाहीत. माझ्या टोकावरची माती पुसली तेव्हा आत कोवळे, पांढरे, नुकते तासलेले लाकूड निघाले.

मला ते ठाऊक होते, मित्रांनो. पेरणीच्या चार दिवस आधी भाऊजींनी बाईंना न विचारता मला नेले, व्हार्निशच्या डब्याचे झाकण माझ्या टोकाने उचकटले आणि ते टोक मोडले. मग त्यांनी उरलेल्या लाकडालाच नवे टोक तासले, तेल लावले, माती चोळली आणि मला गुपचूप खुंटीवर टांगले. त्यानंतर मी तीस वेळा खाचेपर्यंत गेले आणि तीसही वेळा खोटे बोलले. जिने माझ्यावर बोटापेक्षा अधिक विश्वास टाकला, तिलाच मी फसवले.

हत्यार मोडले तर त्याचा राग येत नाही. मोडणे हत्याराच्या नशिबातच असते. पण मोडलेले हत्यार धड म्हणून परत ठेवू नका. ज्याच्यावर माप आहे, त्याची कपची उडाली तरी मालकाला सांगा. एवढी एकच विनंती, आणि तीही उशिरा सुचलेली.

बाईंनी त्या दहा बिया तशाच कोरड्या उचलल्या आणि बोटाने पेरल्या, दोन पेरे खोल. माती सारखी केली, हात धुतले, मला उचलले आणि वरच्या मजल्यावर गेल्या. भाऊजी इतिवृत्ताची वही आखत बसले होते. बाईंनी मला त्या वहीवर आडवे ठेवले.

“भाऊजी, हिचं टोक कुठंय?”

भाऊजींनी हातातली पट्टी खाली ठेवली. पुढचे शब्द त्यांचेच आहेत. मी त्यात काना-मात्रेचाही फरक केलेला नाही.

“मोडलं माझ्याच हातून, वहिनी. काठी आखूड झाली असं लिहिलं असतं, तर कोणी केली ते विचारलं असतं. तुमचा हात गेला म्हटल्यावर कोणीच काही विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.”