न उमटलेली ओळ

बोलायची सवय मला नाही. दुसऱ्याने लिहिलेलं ओलं असताना टिपून घ्यायचं आणि गप्प पडून राहायचं, एवढंच माझं काम. मी टिपकागदाचा लाकडी ठोकळा आहे. आज बोलतोय, कारण आता टिपायला काही उरलं नाही आणि माझ्याकडे वेळच वेळ आहे.

माझा जन्म वाशीमचा. जगदेव सुतारांनी एका दरवाजाची चौकट केली, तिच्यातून हातभर सागवान उरलं. शालिग्राम मास्तरांनी चिठ्ठीवर माझी आकृती काढून दिली होती. वर मूठ, खाली पोट, आणि पोट गोलसर, म्हणजे कागदावर ठेवून पुढे-मागे झुलवता येईल असं. त्या पोटावर टिपकागदाची पट्टी ताणून बसवायची. जगदेवांना हा प्रकार काही पटला नाही. शाई आपोआप वाळते, त्यासाठी लाकूड कशाला नासायचं, असं ते म्हणाले. मास्तर हसले नाहीत. ते सहसा हसत नसत.

मास्तर वाशीमचेच. वडील नानाजी गावाबाहेर वांगी, मेथी, कांदे पिकवून बाजारात विकायचे. त्या घरातला हा पहिला बी. ए. मॅट्रिकला पहिल्या खेपेस मास्तर नापास झाले होते, तेही इंग्रजीत. निबंध चांगला होता, पण घामेजलेला हात ओल्या शाईवरून फिरला आणि दोन पानं काळी झाली. परीक्षकाला वाचताच आलं नाही. एक वर्ष वाया गेलं, आणि मास्तरांच्या मनात एक गोष्ट कायमची बसली की ज्याचा कागद स्वच्छ, त्याचं डोकं स्वच्छ.

म्हणून त्यांच्या वर्गात एक रीत होती. पेपर देताना प्रत्येक मुलाने टेबलाशी यायचं, शेवटच्या पानावर मला एकदा झुलवायचं आणि मगच कागद मास्तरांच्या हातात द्यायचा. कोणी विसरला तर मास्तर नुसतं माझ्याकडे बोट दाखवत. मला याचा थोडा अभिमान वाटायचा, हे कबूल करतो.

हायस्कुलाचं नाव सांगत नाही. सन सदतीसची गोष्ट आहे. मॅट्रिकच्या मुलांतले सात हुशार निवडून मास्तरांनी इंग्रजीचा खास वर्ग चालवला होता. पहिल्या घंटेच्या आधी तासभर तो भरायचा. इतरांना झेपणार नाहीत अशी पुस्तकं ते या सातजणांना वाचायला लावत आणि दर आठवड्याला एक निबंध लिहून घेत.

त्या सातांत उदयसिंग होता. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायचा, वाशीमला आल्यावर वऱ्हाडी शिकला, आणि इंग्रजी तर दोन्हींपेक्षा बरं लिहायचा. पण त्याचं लिहिणं खाडाखोडीचं. एक शब्द लिहायचा, खोडायचा, वर दुसरा लिहायचा, तोही खोडायचा. त्याचं पान टिपताना माझं पोट नुसतं निळं व्हायचं. मास्तर त्याला चांगले गुण देत आणि खाली लिहीत, 'स्वच्छता नाही.'

दुसरा पंजाबराव. केनवडच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, बैलांच्या दमणीतून यायचा-जायचा. स्वभावाने वाईट नव्हता. खिशात फणी आणि छोटा आरसा ठेवायचा, मधल्या सुट्टीत भांग नीट करायचा. अक्षर मात्र मोत्यासारखं.

जानेवारीत चाचणी परीक्षा असते. तिच्यात जो पास होईल त्याचाच मॅट्रिकचा फॉर्म शाळा पुढे पाठवते. ज्याचा फॉर्म गेला नाही, त्याचं वर्ष गेलं. तांड्यावरच्या मुलाला दुसरं वर्ष मिळत नाही, हे त्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी पट्टी मास्तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलत. एक जानेवारीला त्यांनी मला नवीन पांढरी पट्टी लावली. दोन तारखेला टेबलाशी बसून त्यांनी निबंधाचा विषय एका कागदावर लिहिला. फळ्यावर तो परीक्षेच्या दिवशीच लिहायचा होता. विषय होता, पायी केलेला प्रवास. लिहून झालं, मला त्यावर झुलवलं, कागद घडी करून आतल्या खिशात घातला आणि कोटावर हात ठेवून ते बाहेर गेले. विषय आता आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, असं त्यांना वाटलं.

कोऱ्या पट्टीवर ती एकच ओळ होती, उलटी, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट. विषय मीच फोडला. मला दुसरं काही करता येत नाही, हे खरं. पण फोडला मीच.

मधल्या सुट्टीत पंजाबराव मास्तरांच्या खुर्चीत गमतीने बसला. मला उचलून झुलवू लागला. पोटावरची अक्षरं दिसली तेव्हा त्याने खिशातला आरसा काढला. वाचलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि मला होतो तसं ठेवलं. त्याचा हात ओला झाला होता, ते मला लाकडालासुद्धा कळलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तो उदयसिंगला घेऊन पुढच्याच बाकावर बसला. म्हणाला, घरी बाबांना एक इंग्रजी निबंध लिहून दाखवायचा आहे, पायी प्रवासावर, मले काही सुचून नाही राह्यलं, तू सांग. उदयसिंगने का म्हणून विचारलंही नाही. असा विषय कोणी विचारतो याचाच त्याला आनंद झाला होता. तो एकेक वाक्य सांगत गेला, बदलत गेला, आणि पंजाबराव लिहीत गेला.

तो निबंध मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. तांड्यावरून वाशीम दोन दिवसांची वाट. शाळेत नाव घालायला उदयसिंग वडिलांबरोबर चालत आला होता. घरात जोडा एकच, तो वडिलांनी मुलाला घातला. जोडा मोठा होता म्हणून आत चिंध्या कोंबल्या. वडील सबंध वाट मागे चालले. शेवटची ओळ अशी होती की शाळेच्या दारात पोचल्यावर मी मागे वळलो आणि तेव्हा पहिल्यांदा वडिलांचे पाय पाहिले.

पाच तारखेला मास्तरांनी खास वर्गातल्या सातजणांचा पेपर वेगळा घेतला आणि फळ्यावर विषय लिहिला. उदयसिंगने फळ्याकडे पाहिलं, मग पंजाबरावाकडे. पंजाबराव दौतीत टाक बुडवत होता. उदयसिंग बराच वेळ काही न लिहिता बसला. मग त्याने तोच निबंध लिहिला. त्याच्यापाशी प्रवास तेवढा एकच होता.

कागद मुलांनी आपापले घरून आणायचे असत, म्हणून घरी उतरवून आणलेला निबंधच पेपर म्हणून देणं पंजाबरावाला सोपं गेलं. पेपर द्यायची वेळ झाली. एकेक मुलगा येऊन मला झुलवून गेला. उदयसिंग आला तेव्हा त्याची शेवटची ओळ अजून चकाकत होती. ती सगळीच्या सगळी माझ्यावर उतरली. त्याच्यामागून पंजाबराव आला. त्यानेही मला झुलवलं, रीतीप्रमाणे. पण त्याचा कागद वाळलेला होता, घरी लिहून दोन दिवस झालेला. माझ्यावर काहीच उमटलं नाही. मास्तर समोर बसले होते आणि कागद हातात घेत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना टेबलापुढे उभं केलं. दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले. एक स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. दुसरा नेहमीसारखा, शब्दांवर शब्द. उदयसिंगची जागा पंजाबरावाच्या मागच्या बाकावर होती. मास्तरांना आणखी काही बघायची गरज वाटली नाही.

उदयसिंगने सरळ सांगितलं की हा निबंध आपण तीन तारखेला पंजाबरावाला इथेच बसून सांगितला होता.

"तीन तारखेला?" मास्तर म्हणाले. "तीन तारखेला हा विषय माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. चोरी केलीस ती केलीस, वर खोटं बोलतोस?"

त्यांनी पंजाबरावाला विचारलं. तो खाली पाहून म्हणाला, "मले काई माईत नाही, सर."

उदयसिंगने दोन्ही पेपरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सर, हा कधी पायी चालला काय?"

मास्तर म्हणाले, निबंध लिहायला चालावं लागत नाही.

मी त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होतो. दोन्ही गोष्टी माझ्या पोटावर होत्या, फुटलेला विषय आणि न उमटलेली ओळ. कोणी मला नुसतं उलटं केलं असतं तरी पुरे होतं. मला तेव्हा काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. काही वाटलं नाही. लाकूड जसं असतं तसाच मी होतो. वाईट वाटायला लागलं ते फार नंतर.

उदयसिंगचं नाव यादीतून गेलं. तो बोर्डिंगातली पेटी घेऊन गेला. खास वर्ग मास्तरांनी बंद केला. मन उडालं, असं ते दुसऱ्या शिक्षकांना म्हणाले. महिनाभर त्या टेबलाशी कोणी काही लिहिलं नाही. वीस तारखेला फॉर्म गेले.

एक फेब्रुवारीला मास्तर सवयीने माझी पट्टी बदलायला आले. जुनी काढली आणि फेकण्याआधी खिडकीशी धरली, अजून महिनाभर चालेल का ते बघायला. शाई आरपार झिरपली होती. उजेडात मागच्या बाजूने अक्षरं सुलटी दिसली. आधी त्यांना स्वतःचं अक्षर दिसलं. मग खालच्या ओळी. खाडाखोडीची ती ओळ. त्यांनी बोट ठेवून मोजलं. सात मुलांच्या सहा ओळी होत्या. त्यांनी पुन्हा मोजलं.

खुर्चीत बसले ते घंटा झाली तरी उठले नाहीत. मुलं आली, उभी राहिली, आपापली बसली.

मुख्याध्यापकांकडे ते गेले. परत आल्यावर काय झालं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. यादी गेली ती गेली, आता उकरून शाळेचं नाव घालवायचं का, असं उत्तर मिळालं होतं. पंजाबरावाला त्यांनी बोलावलं. तो रडला आणि त्याने सगळं सांगून टाकलं, आरशासकट. मार्चमध्ये तो अकोल्याला परीक्षेला बसला आणि पास झाला. ही गोष्ट अशीच आहे, मी तिच्यात काही बदलू शकत नाही.

शाळेला सुट्टी लागल्यावर मास्तरांनी ती जुनीच पट्टी मला परत लावली, मला धोतराच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं आणि निघाले. मोटार होती. ते चालत गेले. दोन दिवस लागले. पिशवीतून मला त्यांची पावलं ऐकू यायची. दुसऱ्या दिवशी ती मंदावली.

तांड्यावर पोचलो तेव्हा झोपडीच्या दाराशी उदयसिंगचे वडील भाऊसिंग बसले होते. शाळेचे मास्तर आले म्हणताच ते लगबगीने उठले, तांब्याभर पाणी आणलं आणि रीतीप्रमाणे पाहुण्याच्या पायावर स्वतः ओतू लागले. मास्तरांनी पाय मागे घेतले. भाऊसिंग अनवाणी होते. मास्तर त्यांच्या भेगाळलेल्या पायांकडे बघत राहिले. निबंधातली शेवटची ओळ त्यांना आता पुरती वाचता आली असावी.

उदयसिंग शेतावरून आला. मास्तरांनी मला फडक्यातून काढून त्याच्या हातात दिलं. वर्गात ते नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली.

"माहं चुकलं, उदयसिंग," ते म्हणाले. "विषय माह्या टेबलावरूनच फुटला. तू खरं बोलून राह्यला होता."

उदयसिंगने मला उलटं केलं. त्याला आरसा लागला नाही. बोटाने आपली ओळ शोधली, तिच्यावरून बोट फिरवलं.

"सर, हे तवाच तुमच्यासमोर होतं," तो म्हणाला. "तुमी काहून नाही पाह्यलं?"

 पुढच्या साली बस, मी स्वतः तुझा फॉर्म भरतो, मी शिकवतो, असं मास्तर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. उदयसिंग शांतपणे ऐकत होता. कामाला लागलो सर, एवढंच म्हणाला. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

सकाळी ते निघाले. मी त्याच्या हातातच राहिलो. विसरले की मुद्दाम ठेवून गेले, मला आजही कळलेलं नाही.

याला आता सहा वर्षं झाली. मी झोपडीत वरच्या फळीवर असतो. उदयसिंग शेती करतो, कापसाच्या दिवसांत बाहेर मजुरीला जातो, आणि तांड्याचे सगळे अर्ज त्याच्याकडेच लिहायला येतात. तो अजून तसाच खोडून खोडून लिहितो. मला मात्र वापरत नाही. लिहून झालं की कागद मांडीवर ठेवून शाई वाळेपर्यंत वाट बघतो, आणि तेवढ्या वेळात सगळं पुन्हा एकदा वाचतो. पट्टी पिवळी पडली आहे. ओळी फिक्या झाल्या आहेत, पण मोजल्या तर अजून सहाच भरतात.

मी कोणाचा, असं कोणी विचारलं की तो सांगतो, "आमच्या सरचा हाय. नेऊन द्याचा हाय." पोहरादेवीची यात्रा झाली की जातो, म्हणतो. पेरणी झाली की जातो, म्हणतो. दरवर्षी मला फळीवरून काढतो, फडक्याने पुसतो आणि परत ठेवतो.

तुमच्यापैकी कोणी वाशीमला जाणार असेल तर एवढं करा. शालिग्राम मास्तरांना सांगा की तुमचा ठोकळा तांड्यावर आहे, नीट आहे, उदयसिंगने फेकला नाही. त्याने मला माफ केलं का, असं ते विचारतील. त्यांना सांगा, ते काही माझ्यावर उमटलेलं नाही.