नोकराची रेघ

सकाळपासून तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "अगं, एकदाची जा तरी, नाहीतर बस तरी. तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरायला लागलंय."

त्याचं काय जातंय बोलायला. पाच वाजता माझं पुस्तक छपाईला जाणार होतं आणि त्यातलं तिसरं प्रकरण माझ्या सरांना तोंडघशी पाडणार होतं. सरांना त्याचा पत्ताच नव्हता.

सगळी भानगड एका रेघेची. प्राचीन ग्रीक विनोदी नाटकांच्या जुन्या प्रतींत कोण बोलतंय त्याचं नाव सहसा लिहीतच नसत. बोलणारा बदलला की ओळीच्या सुरुवातीखाली एक बारीक आडवी रेघ, बस्स. बाकी तुमचं तुम्ही ओळखा. अशाच एका फाटक्या तुकड्यावर दोन ओळी आहेत. 'दाराशी कोण आहे?' आणि तिच्याखाली, 'कोणी नाही.' मध्ये रेघ. सरांनी ठरवलं, विचारतो तो म्हातारा मालक आणि जागचं न हलता उत्तर देतो तो त्याचा आळशी नोकर. ह्या नोकरावर त्यांनी चाळीस वर्षं काढली. नोकर मालकाला कसे बनवतात, प्रेक्षक कोणाच्या बाजूने हसतात, सगळा डोलारा त्याच्याच खांद्यावर. मीसुद्धा त्याच्याच जिवावर डॉक्टरेट मिळवली.

चार महिन्यांपूर्वी त्या तुकड्याचा नवा, मोठा फोटो आला. रेघ शाईची नव्हतीच. पपायरसचाच, म्हणजे त्या लव्हाळ्याच्या कागदाचाच, एक धागा काळा पडला होता आणि जुन्या फोटोत तो रेघेसारखा दिसायचा.

मी ते लिहून टाकलं आणि सरांकडे जायचं बंद केलं. आधी दर गुरुवारी जायचे. मग मला सर्दी झाली, मग पाहुणे आले, मग परीक्षेचे पेपर आले. थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण न सांगता छापायचं म्हणजे पाठीत सुरा, आणि सांगायचं म्हणजे ऐंशीच्या माणसाच्या तोंडावर त्याचं आयुष्य खोडायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी तीन वाजता गेले. बायको वारल्यापासून सर एकटेच राहतात. "काय गं, वाट चुकलीस?" म्हणत त्यांनी खुर्चीवरची पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवली. मी बसलेच नाही. फोटो टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या बडबडत सुटले. तुमची चूक नाही सर, तेव्हाचे फोटोच तसले, कुणालाही तसंच वाटलं असतं.

"जरा गप्प बस," सर म्हणाले आणि भिंग घेऊन वाकले.

मग त्यांनी त्या दोन ओळी मोठ्याने म्हटल्या. वर्गात म्हणायचे तशा, नोकराचा आवाज नाकातून काढून. मग परत म्हटल्या, एकाच आवाजात.

"म्हणजे घरात नोकर नाहीच," ते म्हणाले. "म्हातारा आपणच विचारतो आणि आपणच सांगतो. चाळीस वर्षं मी त्याला उगाच सोबत दिली."

"सर, प्रकरण काढून टाकू का? अजून वेळ आहे."

"वेडी आहेस का? छाप. हे जास्त बरं नाटक आहे. लोक हसतील, फक्त जरा उशिरा हसतील."

माझा जीव भांड्यात पडला. छापखान्याला कळवायला मी फोन काढला, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हा फोटो आला कधी?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. "चार महिने झाले," मी म्हणाले.

त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं.

"ह्यासाठी येत नव्हतीस होय," सर म्हणाले. "मला वाटलं, माझं बोलणं आताशा कंटाळवाणं झालंय. मी बुधवारीच विषय लिहून काढायला लागलो होतो. तू आलीस की काय काय बोलायचं, ते."