चिकटवलेली दोन पानं

अकरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर ते मी पुरतं वाचलंही नव्हतं. ‘आपलं हस्तलिखित सोबत परत पाठवत आहे’ एवढी पहिली ओळ वाचली, कागदाची होती तशी घडी घातली आणि पाकीट कपाटात जुन्या पुस्तकांच्या मागे सरकवून दिलं.

आधी माझ्याविषयी सांगायला हवं, म्हणजे हा वेडेपणा जरा समजेल. मी ग्रंथालयात नोकरीला होतो. चौतीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक लिहिले आणि सुटलेली पानं खळ लावून जोडली. खळ मी घरीच शिजवत असे आणि ती बरी होत असे. माझ्या हातून एवढी एकच गोष्ट खात्रीने चांगली होते. निवृत्त झाल्यावर लहानपणाच्या आठवणी लिहिल्या, दीडशे पानं. ती एका लहानशा प्रकाशनसंस्थेकडे पाठवली. ती संस्था एक बाई चालवत. पण पाठवण्याआधी मनात आलं, आपलं कोण वाचतंय? म्हणून सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी ही पानं कडेला खळीचा एक थेंब लावून चिकटवली. कुणी वाचलं तर सुटतील. नाही वाचलं तर तशीच परत येतील.

ती तशीच परत आली.

मी रागावलो असं म्हणणार नाही, मला रागावता येत नाही. मी फक्त पुन्हा काही लिहिलं नाही. प्रकाशक सगळे सारखेच, अशी माझी समजूत झाली, आणि समजूत एकदा झाली की शोधायचे कष्ट वाचतात.

ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे आता अठ्ठ्याहत्तरची. मेहुणे गेले, माझी बायको गेली, तेव्हा दोन घरी दोन कुकर कशाला लावायचे म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. ती मला अजून ‘वाळवी’ म्हणते, लहानपणापासून. मी पुस्तकांत तोंड खुपसून बसायचो म्हणून. ती स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. हा दोर इथे, तो तिथे, आणि दोन माणसं एकमेकांशी बोलू लागायची. त्या दिवसांच्या गोष्टी तिने गेल्या वर्षी लिहून काढल्या. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकायचो, कारण लिहिताना ती मोठ्याने बोलते.

चांगलं लिहिलंय. मी तिला तसं सांगितलं नाही. माझ्या मताला काय किंमत, असं वाटलं.

मग तिने वर्तमानपत्रातली एक जाहिरात पाहिली, ‘नवोदित लेखकांचं स्वागत’ अशी, आणि हस्तलिखित पाठवायचं ठरवलं. मी एवढंच म्हणालो, “मूळ वही घरात ठेव. झेरॉक्स दे.” झेरॉक्स काढून आणायचं काम माझ्याकडे आलं. आणि ती पाठवण्याआधी मी... म्हणजे, खळ घरात होतीच.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. तिसऱ्याच दिवशी! ताईने दारातच उघडून वाचलं.

“‘आपल्या लेखनातल्या शब्दाशब्दांतून जीवनाचा सुगंध दरवळतो. असं सकस साहित्य आमच्या हाती क्वचितच येतं.’ ऐकलंस का रे वाळव्या? सकस!”

“छान,” मी म्हणालो.

“चाळीस दिवसांत पुस्तक हातात देतात. फक्त खर्चात लेखकाने वाटा उचलायचा. माझी मुदतठेव मोडली की झालं. आणि तीनशे प्रती आपण घ्यायच्या.”

“तीनशे? कुणाला देणार?”

“ते बघू. तू तोंड पाडू नकोस. बोर्डावर माझ्या शेजारच्या खुर्चीत जी बसायची ना, तिचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणतात, यंदाचं वर्ष दिसेल तेवढं दिसेल. अर्ध्या गोष्टी तिच्याच आहेत. तिला दिसतंय तोवर मला तिच्या हातात पुस्तक द्यायचंय. दुसरे प्रकाशक दोन-दोन वर्षं लावतात म्हणे. तेवढं थांबायला ती काय करेल, डोळे उधार आणेल?”

शुक्रवारी आम्ही त्यांच्या कचेरीत गेलो.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. मऊ सोफा, काचेचं टेबल, टेबलामागे इस्त्रीच्या कपड्यांतले हसरे प्रकाशक. भिंतीवर लेखकांचे फोटो, प्रत्येकाच्या हातात आपापलं पुस्तक. सगळे एकाच खुर्चीत, एकाच निळ्या पडद्यासमोर. ती खुर्ची आणि पडदा आतल्या खोलीत दिसत होता. पण मला खटकलं ते वेगळंच. त्या दोन खोल्यांत कुठेही अर्धवट वाचलेलं काही नव्हतं. कागदांचा गठ्ठा नाही, पेन्सिल खोचलेलं पान नाही, साधा शब्दकोश नाही. पुस्तकांच्या जागा मी ओळखतो. ही पुस्तकांची जागा नव्हती.

“आजी, तुमचं पुस्तक म्हणजे रत्न आहे,” प्रकाशक म्हणाले.

“त्यातलं काय आवडलं तुम्हाला?” ताईने खुशीत विचारलं.

“सगळंच! आणि शेवट... शेवट तर डोळ्यांत पाणी आणतो.”

ताईच्या पुस्तकाचा शेवट असा आहे, की एका साहेबाचा फोन चुकून त्यांच्या सासूबाईंना जोडला जातो आणि साहेब सासूबाईंनाच ‘राणी’ म्हणतात. डोळ्यांत पाणी येतं, पण हसून. ताईने मान डोलावली. तिला वाटलं, त्यांना तसंच म्हणायचं असेल.

मी उठून त्यांचं कपाट पाहू लागलो. ती सवय आहे, कुणाच्याही घरी गेलो तरी मी आधी कपाटापाशी जातो. एक पुस्तक काढून उलटं केलं. मागे लिहिलं होतं, ‘शब्दाशब्दांतून जीवनाचा सुगंध दरवळतो.’ दुसरं काढलं, स्वयंपाकाच्या भांड्यांच्या निगेवरचं होतं. त्यातही जीवनाचा सुगंध दरवळत होता. तिसऱ्यातही. चौतीस वर्षांत या संस्थेचं एकही पुस्तक माझ्या टेबलावर आलं नव्हतं, हे तेव्हा ध्यानात आलं.

टेबलावर ताईची झेरॉक्स पडली होती. मी सहज उचलल्यासारखी उचलली. चाळिसावं आणि एकेचाळिसावं पान चिकटलेलंच होतं.

“इथे सही करा आजी,” प्रकाशक पेन पुढे करत होते. “उद्यापासून वाटा वाढतोय. पुस्तकाचे सगळे हक्क आमच्याकडे कायमचे, म्हणजे तुमच्या डोक्याला ताप नको.”

मी म्हणालो, “हा करार... घरी नेऊन वाचला तर?”

“विश्वास नाही का काका?” त्यांचं हसू तेवढंच राहिलं, डोळे मात्र बदलले. “करार बाहेर जात नाही. आज झालं तर झालं.”

“मग आज नाही,” मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा आला की मीच दचकलो. झेरॉक्स छातीशी धरून मी जिना उतरू लागलो. मागून ताईच्या चपलांचा आवाज येत होता, आणि त्या चपला रागावल्या होत्या.

“जन्मात एकदा तोंड उघडलंस,” रस्त्यात ती म्हणाली, “आणि ते माझं पुस्तक मोडायला!”

“ताई, त्यांनी वाचलेलं नाही. मी पानं चिकटवली होती. सुटली नाहीत.”

ती चालता चालता थांबली. “माझ्या पानांना खळ लावलीस? मला न विचारता?”

मला खोटं ठरवायला म्हणूनच बहुधा, घरी आल्या आल्या तिने फोन पुढ्यात ओढला. भिंतीवरच्या फोटोंखालच्या नावांपैकी एका शिक्षकांचं नाव तिने लक्षात ठेवलं होतं. नावावरून माणूस शोधणं हे तिचं आयुष्यभराचं काम. तीन ठिकाणी फोन फिरवले आणि चौथ्याला ते गुरुजी सापडले.

“नमस्कार. तुमच्या पुस्तकाविषयी विचारायचं होतं,” ती म्हणाली.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. “किती प्रती हव्यात बाई?” गुरुजींनी घाईघाईने विचारलं. “पाहिजे तेवढ्या न्या. पलंगाखाली ठेवल्यात सगळ्या. दुकानात एकही गेली नाही. दुसरीकडे छापायचं म्हटलं तर हक्क माझे नाहीत. तुम्ही... तुम्ही कुठे वाचलंत माझं पुस्तक?”

ताईने डोळे मिटले. “पाहिलं होतं. एक प्रत पाठवा मला,” ती हळू आवाजात म्हणाली आणि तिने त्यांना पत्ता सांगितला.

तिने फोन ठेवला. मग म्हणाली, “सगळे असलेच असतात का रे?”

“सगळे,” मी म्हणालो. आणि मग सांगून टाकलं माझं सगळं. दीडशे पानं, खळीचा थेंब, परत आलेलं पुडकं.

“आणि पत्रात काय होतं?”

“वाचलं नाही.”

“वाळव्या,” ताई म्हणाली, “अरे, फोन वाजला तर माणूस निदान कोण आहे ते तरी विचारतो. आण इकडे.”

कपाटातून पुडकं आणि पत्र दोन्ही निघालं. ताईने चष्मा पुसला आणि तिच्या जुन्या बोर्डावरच्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करत वाचायला सुरुवात केली.

“‘...पहिली साठ पानं मला पटली नाहीत. तिथे तुम्ही तुमचं बोलत नाही, वाचलेल्या पुस्तकांचं बोलता. लहानपणीच्या त्या ग्रंथालयाचा जिना मात्र डोळ्यांसमोर उभा राहतो. सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी ही पानं चिकटलेली होती. आधी वाटलं, चुकून. मग पाहिलं, खळ कडेला नेमकी, एकच थेंब. किटलीच्या वाफेवर धरून सोडवली आणि वाचली. मग मात्र मन खायला लागलं. ती पानं तुमच्या बहिणीविषयी आहेत. ती कुणी वाचू नयेत म्हणून तुम्ही बंद केली असावीत. आमच्याकडे आलेलं हस्तलिखित जसं येतं तसंच परत जातं, म्हणून पुन्हा होती तशी चिकटवली. न विचारता वाचलं, माफ करा.’”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत होतो.

“‘पण तुमच्या लेखनात सगळ्यात खरी तीच दोन पानं आहेत. तिथून सुरुवात करून पुन्हा लिहून पाहाल का? छापीनच असं आज सांगत नाही. छापलं तर खर्च आमचा, तुम्हाला काही द्यायचं नाही. वेळ मात्र लागेल. करार घरी नेऊन जाणत्या माणसाला दाखवा. आमच्या दोन लेखकांचे पत्ते खाली दिलेत, आमच्याविषयी त्यांना काय हवं ते विचारा. उत्तराची वाट पाहते.’”

अकरा वर्षं! मी त्या हसऱ्या माणसाला आणि या बाईंना एकाच खळीने जोखलं होतं, आणि दोघांकडून पानं सारखीच परत आली होती. फरक पत्रात होता. एक पत्र कुठल्याही पुस्तकाला लागू पडलं असतं, भांड्यांच्यासुद्धा. दुसरं जगात फक्त माझ्या दीडशे पानांना लागू होतं. आणि तेच मी वाचलं नव्हतं.

“बहिणीविषयी काय आहे?” ताईने विचारलं.

“काही नाही. असंच.”

ती उठली. चहाचं आधण ठेवलं, वाफ यायला लागली तशी पानं त्यावर धरली. पानं अलगद सुटली. ताईने तिथेच उभ्याने वाचलं. त्यात एवढंच आहे, की माझी शाळा चालू राहावी म्हणून सोळाव्या वर्षी तिने आपली सोडली आणि एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली. पहिल्या पगारातून माझ्यासाठी शब्दकोश आणला. त्याला कव्हर घालत म्हणाली, ‘माझ्या वाटणीचं पण वाच.’

“असं म्हणाले होते मी?”

“हो.”

“काहीतरीच.” तिने पदराने चष्मा पुसला. वाफेनं धुरकटला होता, असं ती म्हणाली. आधण आटून गेलं, पुन्हा पाणी टाकावं लागलं.

त्या बाई अजून पुस्तकं काढतात हे मला ठाऊक होतं, गेल्याच महिन्यात ग्रंथालयात त्यांचं एक आलं होतं. तरी ताईने फोन लावला, पत्ता तोच आहे ना एवढं विचारलं आणि ठेवून दिला.

“बोललीस का नाही?”

“पत्र तुला आलंय. माझं काम जोडून देण्याचं. बोलायचं तू.”

“तुझ्या पुस्तकाचंही विचारू? पण दोन वर्षं लागतील ताई. तुझ्या मैत्रिणीचे डोळे...”

“त्याचा विचार केलाय मी,” ती म्हणाली. “अरे, आम्ही दोघी जन्मभर कानांनीच जगलो! उद्यापासून रोज दुपारी फोनवर तिला एकेक गोष्ट वाचून दाखवते. सगळ्यात आधी साहेबाची सासू. पुस्तक येईल तेव्हा येईल. चांगलं येऊ दे.”

मी चार मसुदे फाडले. पाचव्यात लिहिलं, की उशिराबद्दल क्षमा असावी, पानं माझ्या बहिणीने आज उघडली आहेत, मी तिथून पुन्हा लिहायला घेतलं आहे. आणि तिचं स्वतःचं हस्तलिखित माझ्या लेखनापेक्षा पुष्कळ चांगलं आहे, तेही आपण वाचावं. हे शेवटचं वाक्य ताईने दोनदा वाचलं.

पोस्टाच्या पेटीपाशी आम्ही दोघं गेलो. पाकीट अर्धं आत गेलं आणि माझा हात तिथेच राहिला. वाटलं, अजून एकदा वाचून पाहावं. पहिली ओळ जरा बरी करता आली असती.

“खळ लावलीस का हाताला?” ताईने विचारलं.

मी पाकीट सोडून दिलं.